भेगेवरचा चिखल

नाही बा, तुझंच चुकत होतं. बांधाला भेग पडली की वरून चिखल चढवायचा आणि पायानं खुंदायचा, एवढं एकच तुला ठाऊक, आणि तेच तू माझ्या अंगात घालून गेलास. मी तेव्हाही म्हणालो होतो, एवढं ओझं वर कशाला, तो आधीच वाकलाय. खाडीच्या अंगाला उभा राहून तू चिखलाचे गोळे वर फेकत होतास. उधाणाचं पाणी बांधाला लागलेलं. तू ओरडलास, "तुला काय कलतं? गप खुंद! खारा पानी शेतात शिरला तर खाशील काय, चिखल?" मी रडत खुंदत राहिलो. बांध त्या दिवशी राहिला. राहिला म्हणून तुझं खरं ठरलं. पुढच्या वर्षी तू गेलास, आणि मग भांडायला कोणी उरलंच नाही.

तू गेल्यावर मी शाळा सोडली. चंदनसारला टेकडी कापून बिल्डिंगी उठायला लागल्या तेव्हा पोकलेनवर राहिलो, आधी पुसायला, मग चालवायला. आई म्हणत होती, निर्मळला मामाच्या केळीत काम आहे, जा. पण माझं बूड एका जागी टिकत नाही, हे तुला कोणी सांगायला नको. आता पार उत्तरेला आहे, डोंगराच्या पायथ्याशी एका कालव्यावर. डोंगराची कड कापून कालवा काढलाय. ती कड बघितलीस तर तू म्हणशील दगड आहे. काळसर, पापुद्र्यापापुद्र्यांचा, कोरडा असताना मशीनची बकेट आपटली की खणखणतो. पण हा दगड म्हणजे दाबून बसलेली चिकणमाती. पाणी प्यायला की हातात कुस्करतो, आणि पापुद्र्यांच्या मधे साबणासारखा बुळबुळीत होतो. इथे एक इंजिनियर मॅडम आहे, माझ्याहून थोडीच मोठी. तिनं एक तुकडा माझ्या पाण्याच्या ग्लासात टाकला आणि म्हणाली, "देखते रहो." जेवून उठतोय तोवर ग्लासात नुसता गाळ.

गेल्या आठवड्यात कालव्याच्या लाद्या दुरुस्त करायच्या म्हणून आतलं पाणी काढून कालवा एकदम रिकामा केला. मॅडम सांगत होती, हळूहळू उतरवा, कड आतून ओली आहे, पाण्याचाच तिला टेकू आहे. ठेकेदाराला घाई. पाणी गेलं तसे गवंडी खाली उतारावर कामाला लागले. त्यात माझा जेवणाचा जोडीदार, बिहारचा. मला 'बंबई' म्हणतो. मी वसईचा, असं किती वेळा सांगितलं, तर म्हणतो, "तेरी वसई नक्शे में है भी?"

मी वरच्या रस्त्यावर मशीन घेऊन होतो. दुपारी रस्त्यात भेग दिसली. मशीनपासून पार वळणापर्यंत, आत हात जाईल एवढी. खाली माणसं, मॅडम ऑफिसात फोनवर, काम थांबवा म्हणून भांडत. मी काय केलं असेल, सांग. बकेट भरभरून माती आणली, भेगेत ओतली, वर ढीग केला, मशीन पुढे-मागे करून दाबली. मग खाली उतरून पायानंही खुंदली. इथे कोणी पायानं खुंदत नाही बा. माझे पाय आपोआप चालले, आणि तू खालून गोळे देतोयस असंच वाटत होतं. खरं सांगतो, बरं वाटत होतं.

मॅडम धावत आली. "पागल हो? किसने बोला भरने को?" मी म्हणालो, हमारे गांव में ऐसेच करते. तिनं कडेला सरळ ओळीत खुंट्या ठोकलेल्या, त्यांच्याकडे बोट केलं. ओळ मधेच कालव्याकडे वाकलेली. "ये पूरा नीचे सरक रहा है, और तू इसके सिर पे बोझ रख रहा है." तिचा आवाज एकदम बारीक झाला, त्यानं मला जास्त भीती वाटली.

मशीन मागे घेतलं तर हादरा, नाही घेतलं तर वजन. बकेट उचलून धरली आणि इंचाइंचानं मागे सरकलो. एक हात हॉर्नवर. मशीनच्या पट्ट्यांखालची माती कण्हत होती. गवंड्यांना काही कळेना. जोडीदार खालून हात हलवतोय, "क्या है बंबई, चाय आ गई?" मॅडम ओरडतेय, "ऊपर नहीं, बाजू में भागो!" तेवढ्यात पायथ्याला कालव्याचा तळ फुगला आणि लाद्या उभ्या राहून फुटायला लागल्या. मग पळाले सगळे. कड बसली. कोसळली नाही रे, म्हैस बसते तशी सावकाश बसली, झाडांसकट, माझ्या ढिगासकट, रस्ता घेऊन. सगळे जिवंत बाहेर निघाले. जोडीदाराचा पाय लादीखाली आला. ओढून काढला तेव्हा घोट्याखाली काही सरळ नव्हतं.

मॅडम म्हणते, तू माती घातली नसतीस तरी ती आलीच असती, कालवा रिकामा केला तेव्हाच ठरलं होतं. खरं असेल. पण थोडी उशिरा आली असती, सगळे वर चहाला आल्यावर, तर? हे मी तिला विचारलेलं नाही.

ठेकेदारानं जोडीदाराला गाडीभाडं देऊन गावी लावून दिलं. तो निघायच्या आधी मी माझा महिन्याचा पगार त्याच्या उशाखाली ठेवला. म्हणाला, "तू क्यों देता है?" मी म्हणालो, बाप की तरफ से. "तेरा बाप तो मर गया ना?" म्हटलं, हाँ. तो हसला, मग दुखलं म्हणून थांबला.

हे तुला पाठवणार कुठे? ट्रंकेत राहील. आईला दुसरं पत्र लिहिलंय, की मशीन बिघडलं होतं, महिनाभर काम नव्हतं, बाकी मी मजेत आहे. ती कोणाकडून तरी वाचून घेईल आणि खरं धरेल. तिला या खेपेला तीनशेच रुपये पाठवतोय.