पान नसलेलं संत्रं

प्रिय फिनेता,

घाम आपला आणि भाव दलालाचा, हे ज्यांच्या नशिबी पिढ्यान्‌पिढ्या आलं त्यांच्यापुढे मी चौकात उभा राहून जे बोलत आलो, तेच आज तुला लिहायला बसलो आहे. तू सारागोसात कितीही वर्षं काढलीस तरी तू त्यांच्यातलीच. आजोबांची संत्री दलालाने खांद्यावर हात ठेवून मातीमोलाने नेली. बाबांची तशीच नेली. माझी नेताना तर त्याने वर माझ्या भाषणाचं कौतुकही केलं. तो एकेकाला एकटं गाठतो. ‘तुझा शेजारी हो म्हणालाय, आता तूच काय तो राहिलास,’ एवढं एकच वाक्य त्याला पुरतं. शेजाऱ्याकडेही तो हेच सांगून आलेला असतो.

यंदा ही खोड मोडायची, असं आम्ही ठरवलं. आपल्या सहकारी संस्थेच्या गोदामात सगळं गाव जमलं आणि शपथ झाली, की नाताळपर्यंत कुणीही आपली बाग दलालाला उक्ती, एकरकमी द्यायची नाही. विकायचं तर सगळ्यांनी मिळून, एका भावाने. हात वर करणाऱ्यांत बाबा पहिल्या रांगेत होते. मला वाटलं, आई असती तर तिने मागून माझा कोट नीट केला असता.

आणि मग एका सकाळी, आम्ही सगळे बारमध्ये पाव आणि खारे शेंगदाणे खात असताना, देसिदेरी दलाल आत आला. टोपी न काढता म्हणाला, “एलिसेउ, झकास बोलतोस हं तू. पण तुझ्या साखळीची एक कडी माझ्या खिशात आहे!” हसला, कॉफी प्यायला आणि निघून गेला. कुणाची कडी, ते बोलला नाही. बोलायची गरजच नव्हती. त्या दिवसापासून गावाला जी कीड लागली आहे, तिच्यावर कुठलंही औषध नाही. पत्ते खेळताना माणसं पानं बघत नाहीत, समोरच्याचे डोळे बघतात. कुणाच्या बायकोने नवा परकर वाळत घातला, की गल्ली विचारते, कुठून आला? आपला पाद्री प्रवचनात येशूला दगा देणाऱ्या यहूदाचं नाव घेऊन क्षणभर थांबला, तर मागच्या बाकावरून पेपाआत्या केवढ्यांदा म्हणाली, “नाव सांगा की फादर, उगाच ताटकळत काय ठेवता!”

संशय शेवटी इलारीवर येऊन बसला. तुला इलारी आठवत असेल. ओढ्यापलीकडचा, एकटा राहणारा, आईच्या शवपेटीला ज्याने खांदा दिला तो. देसिदेरीची गाडी त्याच्या झोपडीपुढच्या झाडाखाली उभी असलेली कुणीतरी पाहिली. तो म्हणाला, “टायर फुटला होता त्याचा. मी जॅक दिला.” “जॅक दिलास की बाग?” कुणीतरी ओरडलं आणि सगळे हसले. मीही हसलो. नुसता हसलो नाही. संध्याकाळी चौकात जाऊन मी शत्रूला अवजार देणाऱ्याबद्दल बोललो. नाव घेतलं नाही, पण बोलताना ओढ्याकडे बघत होतो. लोक समजले. आता त्याच्या नमस्काराला कुणी उत्तर देत नाही. त्याच्या पाटाचं दार कुणीतरी दगड घालून बंद केलं. येत्या रविवारी चर्चमधल्या मिसेनंतर सभा आहे. त्याला संस्थेतून काढायचं, त्याचा माल आपल्या ट्रकमध्ये घ्यायचा नाही. म्हणजे त्या बिचाऱ्याला मिळेल त्या भावात देसिदेरीच्याच दारात जावं लागणार. ज्याने विकलं नाही, त्याला आम्हीच विकायला लावणार.

विकलं नाही, असं मी आता ठामपणे लिहितो. काल जेवताना मला ते कळलं.

भात झाला, बाबांनी खुर्चीखालची परडी पुढे ओढली आणि एक संत्रं सोलायला घेतलं. मी वर्तमानपत्र वाचत होतो. सालीचा वास आला म्हणून वर पाहिलं आणि परडीतच बघत राहिलो. एकाही संत्र्याला पान नव्हतं. फिनेता, आपल्या घरात पानाशिवाय संत्रं आल्याचं तुला कधी आठवतं? बाबा कात्रीने देठ कापतात तो दोन पानं ठेवून. पान ताजं तर फळ ताजं, हे त्यांनीच आपल्याला शिकवलं. ही संत्री मात्र बोडकी होती, आणि पॉलिश केलेल्या बुटांसारखी चकाकत होती. बाजारातली. गुरुवारी पलीकडच्या गावच्या बाजारातून, डबल पैसे मोजून आणलेली. आणि त्याच वेळी ओढ्याकाठची आपली झाडं फळांनी वाकलेली आहेत! माझा वरचा मळा उशिराच्या जातीचा, त्याला गोडी वसंतात येते. या दिवसांत घरात संत्रं येतं ते ओढ्याकाठच्या मळ्यातूनच.

पुढचं तुला सांगायला नको. आपल्याकडे बाग उक्ती दिली, हातावर हात मारला, की झाडावरचं एकही फळ आपलं राहत नाही. पोर तापाने फणफणत असलं तरी मालक त्याच्यासाठी एक तोडत नाही. दुसऱ्याचा माल तो. हा नियम कुठे लिहिलेला नाही, आणि तो मोडलेला मी पाहिलेला नाही. सगळ्या गावाला दिलेला शब्द बाबांनी मोडला; दलालाला दिलेला शब्द मात्र असा पाळला, की स्वतःच्या झाडांमधून चालत जाऊन बाजारातून संत्री आणली. लबाडी त्यांनी नीट लपवली होती. सचोटी लपवता आली नाही.

मी विचारलं, “बाबा, ही संत्री कुठली?”

“झाडाची.”

“कुठल्या झाडाची?”

“सभेत बोल, एलिसेउ. जेवताना जेव.”

मी ताट सरकवलं. माझा आवाज तुला माहीत आहे, भांडी थरथरली असतील. म्हटलं, तुमच्यामुळे तो इलारी मरतोय. तेव्हा त्यांनी चाकू पुसला, मिटला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “ओढ्याकाठचा मळा फिनेताचा आहे. तिच्या मळ्याचं तिला विचार.” मग जाऊन अंगणात बसले. मी पाठीमागे गेलो, तर नुसती पाठ दिसली. त्या पाठीशी कुणाला भाषण करता येत नाही.

आणि म्हणून मी रात्रभर ऑगस्टचा तो दिवस आठवतो आहे. तू आणि बाबा विहिरीच्या कठड्यावर बसला होता. तू काहीतरी सांगत होतीस, ते मान हलवत होते. मी आलो आणि तू एकदम कलिंगडाबद्दल बोलू लागलीस. तेव्हा मला त्यात काही वाटलं नव्हतं. आता वाटतं. तुझ्या नवऱ्याचं दुकान कसं चाललंय हे मी विचारलं, तेव्हा तू ‘बरं’ म्हणालीस आणि खिडकीबाहेर बघितलंस. गावाला जी कीड लागली ती माझ्या घरात शिरली आहे, माझ्याच डोक्यात शिरली आहे, आणि मला तिची लाज वाटते. फोनवर हे विचारता आलं असतं. पण फोनवर तू ‘नाही’ म्हणाली असतीस, तर मी त्या ‘नाही’च्या सुराचा काथ्याकूट करत बसलो असतो.

म्हणून शब्द नको. तो मळा आईने तुला दिला, मला नाही. त्यातलं एक फळ मी तोडलं, तर ती चोरी. बाबांनी तोडलं, तर शब्दभंग. तू मात्र कुणाच्याही हातावर हात मारलेला नाहीस. मळा द्यायला बाबांना तू सांगितलं नसशील, तर शनिवारच्या बसने ये. रविवारी मिसा सुटली, की मी सगळ्या गावाला, देसिदेरीलाही, ओढ्याकाठी घेऊन येतो. इलारीला मी स्वतः हाताला धरून आणीन. सगळ्यांच्या देखत तू म्हणायचंस, की हा मळा माझा आहे आणि मी तो कुणालाही दिलेला नाही. मग लोक म्हणतील, लेकीचा मळा तिला न विचारता दिला, म्हातारा चुकला. म्हातारा फुटला असं म्हणणार नाहीत. तू आली नाहीस, तर मला माझं उत्तर मिळेल आणि सभेत मी आपल्याच घराचं नाव घेईन. बाबा पहिल्या रांगेत बसलेले असतील तरीही घेईन. ते माझ्यावर येऊ देऊ नकोस. ये, फिनेता, आणि आपल्या झाडाचं एक संत्रं तोड. दोन पानं ठेवून.

वाटेकडे डोळे लावून बसलेला, तुझाच दादा,
एलिसेउ