बियाण्याच्या ओढ्याची वाटणी

मी, श्रीमती हात्सुए मिनेमुरा, कैलासवासी कान्झो मिनेमुरा यांची पत्नी, वय वर्षे एक्याऐंशी, राहणार कुराइसावा, धंदा सराई चालवणे, आज हे लिहून ठेवते. माझी नजर, कान आणि जीभ शाबूत आहेत. गुडघा गेला आहे, पण मृत्युपत्र गुडघ्याने लिहीत नाहीत. मला कोणी धाक घातलेला नाही आणि कोणी लाडीगोडीही लावलेली नाही. तेवढी अक्कल घरात कोणाला असती तर मला आनंदच झाला असता. सगळा मजकूर माझ्या हातचा आहे. कायद्याला तसेच लागते. शिवाय या गावात दुसऱ्याकडून लिहून घ्यावे असे अक्षर कोणाचे नाही.

कलम पहिले. राहते घर, सराई आणि तिची गरम पाण्याची न्हाणी माझ्या पश्चात मुलगा यासुनोरी आणि सून चिगुसा यांच्याकडे निम्मी निम्मी जावी. यासुनोरी शहरात विम्याच्या कचेरीत असतो. मार्च महिन्यात मासेमारीचा हंगाम उघडतो, त्याच्या आदल्या दिवशी तो न चुकता गावी येतो. आईला भेटायला येतो असे तो कचेरीत सांगत असेल. अंगात खिसेच खिसे असलेले जाकीट, हातात पिसाहूनही हलकी विकतची काठी आणि पेटीत गळाला बांधलेल्या तऱ्हेतऱ्हेच्या पिसांच्या नकली माशा. त्याच्या बापाने सारा जन्म एकाच घडणीच्या माशीवर काढला, गळाला काळा दोरा आणि पुढे उलटे बांधलेले तितराचे पीस, आणि तेवढ्यावर हे घर पोसले. मुलगा ओढ्यावर जातो, माशा बदलत बसतो आणि पडसे घेऊन परत येतो.

चिगुसा ही सराई चालवते, असे लोक म्हणतात. दारे उघडणे आणि पाहुण्यांपुढे हसणे याला चालवणे म्हणत असतील तर चालवते. इवाना मासा मीठ लावून काडीवर टोचून निखाऱ्याशेजारी उभा करतात आणि विसरून जातात. त्याची शेपटी वाळून कुरकुरीत झाली की मगच पाहुण्याला देतात. चिगुसा विसरत नाही. ती दर थोड्या वेळाने येऊन त्याला फिरवते, आणि आतून कच्चा असतानाच ताटात वाढते. मी बोलले की "हो, आई" म्हणते. लग्न होऊन आल्यापासून तिच्या तोंडून मी दुसरे काही ऐकलेले नाही.

पोस्टातली शिल्लक चिगुसाने ठेवावी. तिच्यातून दर हिवाळ्यात छपरावरचे बर्फ काढायला माणूस लावावा. यासुनोरीने स्वतः चढू नये, तो पडेल.

कलम दुसरे. नवऱ्याच्या बांबूच्या काठ्या आणि घोड्याच्या शेपटीच्या केसांच्या दोऱ्या बुद्धाच्या देवळाचे भिक्षू एन्शो यांना द्याव्यात. या माणसाबद्दल मला आदर नाही. जीवहत्या करू नये असे ते दर महिन्याला सांगतात आणि सांगून झाले की माझ्या मागच्या दाराने येऊन काठी मागतात. मासा लागला की त्याच्यासाठी मंत्र म्हणायला लागतात, आणि मंत्र संपायच्या आत मासा सुटून जातो. त्यामुळे त्यांच्या हातून जीवहत्या अशी फारशी झालेली नाही. काठी निदान त्यांच्याकडे न मोडता राहील.

काठ्यांबरोबर ही सूचनाही त्यांना द्यावी, जिवंतपणी दिली ती त्यांनी ऐकली नाही. हंगामाच्या सुरुवातीला पहाटे पाण्यावर जाणे हा शुद्ध मूर्खपणा आहे. काठीच्या टोकावर बर्फ धरते आणि मासा खोल डोहाच्या तळाशी निजलेला असतो. आमची तेनकारा मासेमारी म्हणजे काठी, तेवढीच दोरी आणि एक माशी. त्यात घाईला जागा नाही. घरी चहा प्यावा. ऊन पाण्यावर येऊ द्यावे. काठावरच्या बर्फावर बारके काळे किडे चालायला लागले की मग जावे, आणि डोहाच्या शेवटाला, जिथे पाणी मंद होते, तिथे माशी एकाच जागी पुन्हा पुन्हा टाकावी. थंडीतला मासा हातभरही हलत नाही, खायचे त्याच्या तोंडाशी न्यावे लागते. पण आमचे पुरुष पहाटे जातात, कारण दुसरा पहाटे जातो.

कलम तिसरे. धाकटे दीर तोकुजी मिनेमुरा यांना माझ्या मिळकतीतून एक वाटा मिळेल, तो पुढे सांगते. आधी त्यांच्याविषयी. ते गावच्या मासेमारी संघाचे अध्यक्ष आहेत, कारण दुसरे कोणी उभे राहिले नाही. त्यांच्या डोक्यात दोन वर्षांपासून एक कल्पना शिरली आहे, आणि तिथे एकटी असल्यामुळे ती फार माजली आहे. बियाण्याच्या ओढ्यापर्यंत रस्ता काढायचा, त्यात हौदात वाढवलेले मासे सोडायचे आणि हंगाम उघडताच शहरातल्या लोकांना तिकीट लावून आत घ्यायचे.

बियाण्याचा ओढा म्हणजे काय हे अध्यक्षांना सांगायची वेळ आली, तरी लिहिते. त्या ओढ्याच्या तोंडापासून थोडे वर धबधबा आहे, आणि त्याच्यावर मासा चढू शकत नाही. माझ्या सासऱ्याने आणि नवऱ्याने खालच्या नदीतले इवाना ओल्या शेवाळात गुंडाळून पाठीवरून वर नेले आणि धबधब्याच्या माथ्यावर सोडले. तिथे कोणी गळ टाकायचा नाही असे ठरले. पुढे एका वर्षी दरड कोसळून खालची नदी चिखलाने मेली. चार पावसाळे एक मासा दिसला नाही. मग वरच्या ओढ्यातली पिल्ले धबधब्यावरून खाली येत राहिली आणि नदी पुन्हा भरली. आज संघ ज्या माशांच्या परवान्यांवर शिक्का मारतो ते सगळे त्या ओढ्याचे नातू-पणतू आहेत. त्यात हौदातले मासे सोडले की ही जात संपली.

हे मी तोकुजींना सराईच्या ओट्यावर सांगितले होते. ते म्हणाले, "वहिनी, मासा तो मासा. शहरातल्या माणसाला काय कळतंय? दोरीला हिसका बसला की तो खूश."

मी म्हणाले, "उद्या पाळण्यातलं पोर कोणी बदललं तर तुम्हालाही कळायचं नाही, भाऊजी. रडलं की तुम्ही खूश."

ते हसले. त्यांना वाटले मी गंमत करते आहे.

कलम चौथे. हे कलम मिळकतीचे नाही, पण त्याच्यावाचून पुढचे कळणार नाही. त्या ओढ्यात गळ टाकायचा नाही, हे नवरा असेपर्यंत सगळे पाळत. तो गेल्यावर माणसे विसरायला लागली. पुरुषांना दुसऱ्याचा शब्द त्याच्या तिरडीपर्यंतच आठवतो. आणि धोका सुरुवातीच्या दिवसांतच असतो. तेव्हा पाणी उतरलेले असते, धबधब्याच्या बाजूने चढता येते, आणि वरचे मासे थंडीने रोडावून दोन-चार डोहांत एकत्र पडलेले असतात. एक माणूस एका दुपारी ओढा रिकामा करू शकतो. पुढे बर्फ वितळले की धबधबा कोणाला जवळ येऊ देत नाही.

आता आमच्याकडे एक रीत आहे आणि ती मात्र सगळे पाळतात. ओढ्याच्या काठाने वर गेलेले ताजे ठसे बर्फात दिसले की मागून आलेल्याने परत फिरायचे. पुढे गेलेल्याच्या पुढे जायचे नाही, त्याच्या मागूनही जायचे नाही. ज्याने ही रीत मोडली त्याच्या घरी कोणी चहाला जात नाही.

म्हणून नवरा गेल्यापासून दर वर्षी ते ठसे मी केले.

हंगामाच्या पहिल्या सकाळी सगळे पुरुष डोंगराच्या देवीच्या देवळात जमतात. देवी कुरूप आहे म्हणे, आणि तिला बायकांचा हेवा वाटतो. म्हणून तिला तिच्याहून कुरूप असा एक वाळका समुद्रमासा दाखवायचा, त्याला सगळ्यांनी मिळून हसायचे, आणि त्या दिवशी बाईने डोंगरात पाऊल टाकायचे नाही. ते तिकडे वाळक्या माशाला हसत असताना मी नवऱ्याच्या रबरी बुटांवर गवती चपला बांधून ओढ्याच्या तोंडापासून धबधब्यापर्यंत चालत जात असे. परत त्या वाटेने यायचे नाही. देवदाराच्या बनात जमिनीवर बर्फ टिकत नाही, तिथून उतरायचे. नवे बर्फ पडले की पुन्हा जायचे. देवीने मला कधी काही केले नाही. बहुधा तिलाही देवळातल्या गर्दीचा कंटाळा आला असावा.

संध्याकाळी तेच पुरुष माझ्याकडे दारू प्यायला बसत आणि पुढे गेलेला तो जुना जाणता कोण असेल यावर बोलत. गवती चपला वापरतो म्हणजे खानदानी माणूस, असे ठरे. एका वर्षी तोकुजींनी पाहुण्यांना हळूच सांगितले की ते ठसे त्यांचेच आहेत. वर किती मासे लागले तेही सांगितले. मी त्यांची वाटी भरली आणि आत गेले.

कलम पाचवे. या वर्षी फेब्रुवारीत मी न्हाणीच्या पायरीवर घसरले आणि गुडघा मोडला. हंगामाच्या पहिल्या सकाळी मी अंथरुणात होते. आदल्या दिवशी नवे बर्फ पडले होते, म्हणजे ओढ्याचे तोंड कोऱ्या कागदासारखे पांढरे. शहरातून आलेल्या पाहुण्यांना तोकुजी स्वतः तिकडे घेऊन जाणार होते, हे मला माहीत होते. मी नवरा गेला तेव्हा रडले नव्हते इतकी त्या सकाळी रडले.

दुपारी चिगुसा ताट घेऊन आली आणि उशाशी बसली. "आई, पाहुणे परत आलेत. बियाण्याच्या ओढ्याला कोणीतरी आधीच गेलंय म्हणे."

मी विचारले, "कोणी सांगितलं?"

"सगळेच सांगतायत. ठसे वर गेलेत."

थोड्या वेळाने तोकुजी आले, दारातच उभे राहिले आणि नाक ओढत म्हणाले, "गवती चपलाच, वहिनी. म्हातारा अजून जिवंत आहे. पाहुणे कुरकुरले, पण रीत म्हणजे रीत. फिरलो मागे."

मी विचारले, "परतीचे ठसे?"

ते म्हणाले, "नव्हते. कधीच नसतात."

गवती चपला माझ्या मागच्या दाराशी खुंटीला असतात. त्या दाराने या घरात ये-जा असलेली माणसे चारच. यासुनोरी त्या सकाळी झोपलो होतो म्हणाला. चिगुसा स्वयंपाकघरात होती, निदान मला तसे वाटले. एन्शो दुसऱ्यांच्या देवळात जातच नाहीत. आणि तोकुजी देवीपुढे उशिरा पोचले. गाडी सुरू होत नव्हती, असे त्यांनी सांगितले. संध्याकाळी कुबडी घेऊन मी खुंटीपर्यंत गेले. चपला ओल्या होत्या.

मी कोणाला विचारले नाही. विचारले असते तर न करणाऱ्या कोणीतरी हो म्हटले असते, आणि ज्याने केले त्याला बोलणे भाग पडले असते. पण बनातून उतरायचे हे ज्याला ठाऊक होते त्याने मला कधीतरी पाहिले होते. एकदा नव्हे, पुष्कळदा पाहिले असेल. ज्या गावात एका टोकाला शिंकले की दुसऱ्या टोकाला काढा उकळतात, त्या गावात हे माणूस इतकी वर्षे गप्प राहिले. अशा माणसाशी मी रोज कडवट बोलत आले आणि मला त्याचा चेहरा ठाऊक नाही. याचे मला फार दुःख आहे, आणि सुखही.

कलम सहावे. बियाण्याच्या ओढ्याच्या तोंडाशी असलेली देवदाराच्या बनाची पट्टी ही माझी वडिलांकडून आलेली मिळकत आहे. संघाला रस्ता काढायचा तर तो या पट्टीतूनच जातो, दुसरी वाट नाही. ही पट्टी मी यासुनोरी, चिगुसा, भिक्षू एन्शो आणि तोकुजी या चौघांना समाईक देते. तिची फोड करू नये. चौघांच्या सह्यांवाचून ती विकता, भाड्याने देता किंवा खणता येणार नाही. जो सही करणार नाही त्याला कारण विचारण्याचा अधिकार बाकी तिघांना नाही.

हा मजकूर वाचून आता ठशांचे गुपित फुटले, असे कोणी समजू नये. पुढच्या मार्चमध्येही बर्फात ठसे असतील. ते मासे धरणाऱ्याचे की आणखी कोणाचे, हे पाहायचे असेल तर त्यांच्या मागून जावे लागेल, आणि मग जाणाऱ्याच्या बुटांचे ठसे शेजारी सगळ्या गावाला दिसतील. ज्याच्यात हिंमत असेल त्याने जावे.

वर चौघांविषयी जे लिहिले आहे ते तिघांना पूर्ण लागू आहे. एकाला लागू नाही, आणि त्याने किंवा तिने मला क्षमा करावी. कोणाचे खोडायचे ते कळले नाही म्हणून मी एकही ओळ खोडलेली नाही. माझ्यामागे संघाचा रस्त्याचा कागद सहीसाठी या चौघांपुढे येईलच. त्यावर तीनच सह्या होतील.

असे मी राजीखुशीने लिहून, वाचून पाहून, खाली सही व शिक्का केला आहे. कायद्याला साक्षीदार लागत नाहीत, मला लागतात. दोघांनी मजकूर वाचलेला नाही. वर कोरा कागद धरून मी त्यांच्या सह्या घेतल्या आहेत.

मुक्काम कुराइसावा, दिनांक ९ एप्रिल १९९६

सही व शिक्का: हात्सुए मिनेमुरा

साक्षीदार:
१. सानाए कुरिहारा, आरोग्य केंद्रातील परिचारिका
२. मोहेई त्सुचिदा, पोस्टमन