सुरकुत्या पडलेला भोपळा

प्रिय जॉसी,

मेपलची शेवटची पानं उतरताहेत. या दिवसांत मला ती पानगळीची कविता हटकून आठवते, चौथीत बाईंनी बाकावर उभं करून म्हणायला लावलेली. दुसरं कडवं तेव्हाही आलं नव्हतं. आयुष्यभर शाळेची बस चालवली, पोरं उतरली की रिकाम्या बसमध्ये तेच कडवं शोधत घरी यायचो. पण ते राहू दे. काल फोनवर तू जे विचारलंस ते मनातून जात नाही. तुला पाठवलेल्या शोभेच्या भोपळ्यावर सुरकुत्या आहेत, पानं उलटी चिकटवलीत, देठसुद्धा प्लास्टिकचाच ठेवलाय; म्हणजे आईनं नुसतं उरकलं, तिला एमेट पसंत नाही, हे लग्नच पसंत नाही. "थँक्सगिव्हिंगला आम्ही नाही आलो तर चालेल ना, डॅडी?" असं तू म्हणालीस, आणि आई शेजारीच उभी होती म्हणून मी थंडी किती पडलीय ते सांगत बसलो.

तुला आपलं ऑक्टोबरातलं स्वयंपाकघर आठवतं ना? टेबलभर फोमचे पांढरे भोपळे, खिडकीत वाळत घातलेले बागेतल्या खऱ्या भोपळ्यांचे देठ, आणि पानाफुलांची चित्रं असलेले पेपर नॅपकिन. आई नॅपकिनचा कोपरा दोन बोटांत धरून हलकेच चोळायची, एक फुंकर मारायची, की चित्राचा वरचा पापुद्रा कांद्याच्या सालीसारखा सुटून यायचा. खालचे पांढरे पापुद्रे बाजूला. तो एवढासा पापुद्रा ती गोंदावर अशी टेकवायची की पान भोपळ्यावरच उगवल्यासारखं वाटावं. चर्चच्या मेळ्याआधी अर्धं गाव तिच्याकडे शिकायला यायचं. मेबल बाईंनी एकदा अख्खा नॅपकिन तसाच चिकटवला आणि मेळ्याच्या टेबलावरच त्याची सालं निघायला लागली, तेव्हा आई काय म्हणाली होती! "मेबल, हा भोपळा आहे की उन्हात भाजून सुट्टीवरून परतलेला तुझा नवरा?" सगळ्यांत जोरात मेबल बाईच हसल्या होत्या. मेळा झाला की पुढच्या पायऱ्यांवर घरातल्या प्रत्येकाचा एकेक भोपळा. तू बॉस्टनला गेल्यावर तुझा मक्याच्या वाळल्या पात्यांत गुंडाळून पोस्टानं जायला लागला.

गेल्या वर्षी याच दिवसांत ती टेबलाशी बसली होती. कोपरा सुटेना. पापुद्रा तिच्या हातात नुसता फडफडत होता. मला वाटलं वारा येतोय. उठून खिडकी लावली. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "उघड ती, हॉलिस. वारा नाहीये." तुझा भोपळा तिनं तेव्हा कसाबसा पुरा केला. हिवाळ्यात डॉक्टरांनी त्या फडफडण्याला नाव दिलं. पार्किन्सन. गाडीत बसल्यावर तिनं पहिलं काय केलं असेल, तर मला शपथ घातली: जॉसीला एक शब्द नाही. लग्न होईपर्यंत तर नाहीच.

म्हणून यंदाचा भोपळा मी केला. ती समोर बसून हुकूम सोडत होती. "गोंद कमी. कमी म्हटलं ना! पाव आहे का तो, लोणी फासायला?" मला जरा जमायला लागलं आणि ती पानगळीची कविता आठवली. मी पहिलं कडवं म्हणत रंगात आलो, तिला दिसेना मी काय करतोय, आणि भोपळा फिरवून दाखवला तर ती ओरडली, "अरे देवा, कविमहाराजांची पानं आभाळाकडे गळताहेत!" किती हसलो आम्ही. मग एकदम तिचं हसू थांबलं. देठ बसवायला घेतला तिनं, तो हातातून दोनदा पडला, आणि ती उठून गेली. "हा पाठवू नकोस," जाताना म्हणाली, "पोरगी ओळखेल." मी तरी पाठवला. यंदा पोस्टानं तुझा आला नाही तर तू विचारशील, अशी भीती वाटली. तू ओळखलंस खरं, पण भलतंच ओळखलंस.

एमेटबद्दल म्हणशील तर त्यानं उन्हाळ्यात गळकं छप्पर नीट केलं तेव्हापासून ती त्याच्या नावानं सफरचंदाची गोड ‘ॲपल पाय’ भाजते आणि मला त्यातली एकच फोड देते. फोन लवकर ठेवते, कारण रिसीव्हर कानावर आपटत राहतो. तू लग्नाच्या टेबलांसाठी भोपळे मागितलेस तेव्हा "त्यात काय, झोपेत करीन" म्हणाली ना? दुसऱ्याच दिवशी नेच्याच्या पानांचे पांढरे नॅपकिन घेऊन आली. रोज दुपारी तळघरात जाते. मला खाली यायची बंदी आहे. काल कॉफीचा रिकामा डबा उघडला, तर आत फाटलेल्या नॅपकिनच्या नुसत्या चिंध्या, दाबून दाबून भरलेल्या. तिनं मला डबा हातात घेतलेलं पाहिलं. म्हणाली, "नाही जमलं तर आजारी आहे म्हणून कळवू. रिकाम्या हातानं मी पोरीच्या लग्नाला जायची नाही." मी तिला ओळखतो. नाही जाणार.

म्हणून शपथ मोडून लिहितोय. थँक्सगिव्हिंगला या, दोघंही या. दुकानातून काही मागवू नकोस आणि तिच्या हाताकडे बघू नकोस. ॲपल पाय खाऊन झाली की टेबल पुसून तिला म्हण, "मॉम, लग्नातले भोपळे मला आणि एमेटला स्वतः करायचेत. शिकव." मग अख्खा नॅपकिन पापुद्रे न काढता गोंदावर ठेव. ती गप्प बसायची नाही. "अगदी बापावर गेलीस" म्हणेल, ऐकून घे. नंतर ती तुला आपणहून काही सांगेल का, मला माहीत नाही, आणि तू विचारू नकोस. पण टेबलांवर जे मांडलं जाईल ते तिनं शिकवलेलं असेल, आणि मग तिला घरी बसायला कारण उरणार नाही. येताना तो भोपळा घेऊन ये, सुरकुत्यांसकट. पायरीवरची तुझी जागा मी झाडून ठेवलीय.

तुझाच, पानं उलटी लावणारा,
डॅडी