गाळणीत गाळ नव्हता

चंद्रपूर,
१९ ऑगस्ट २०२५

अश्वजितभाऊ,
जय भीम.

तुमचा फोन तीन महिने लागत नाही. सूरजागडच्या खाणीच्या बाजूला रेंज नसते, असं दिव्यानी वहिनी म्हणतात. रेंज असती तरी माझा फोन तुम्ही उचलला असता का, कोण जाणे. म्हणून पत्र. शाळेतल्या रजेच्या अर्जानंतर मी कुणाला पत्र लिहिलेलं नाही, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

इकडे डेटा सेंटरवर सगळे बरे आहेत. पाऊस चांगला झाला, त्यामुळे छतावरचे कूलिंग टॉवर निवांत आहेत. तुमच्या जागी विक्की नावाचा नवा माणूस आला. हुशार आहे, पण सगळं स्क्रीनवर बघतो. पाइपाला हात लावायचा म्हटलं की त्याच्या कपाळावर आठ्या. मला माझा पहिला दिवस आठवतो. तुम्ही मला सर्व्हरच्या रॅकच्या मागच्या दारावर हात ठेवायला लावला होता आणि म्हणाला होता, "याच्यात बारीक नळ्या आहेत, नळ्यात थंडं पानी. मशीनची गरमी या पान्यानं घ्याची, छतावरच्या टॉवरात सोडाची, अन् वापस याचं. पान्याले थांबू द्याचं नाई, एवढंच आपलं काम." आयटीआयच्या दोन वर्षांत मला जे कळलं नव्हतं ते तेवढ्यात कळलं.

वहिनी सांगत होत्या, तुम्ही खाणीच्या रस्त्यावर धूळ बसवायला पाणी मारणाऱ्या टँकरवर आहात. म्हणजे पाणी काही सुटलं नाही. आमची उर्वशी सगळ्यांना सांगते, "माहे बाबा रस्त्याले पानी पाजतेत." आता 'आमची' म्हणते आहे खरी, पण तीन महिन्यांत मी तिला पहिल्यांदा भेटले ते परवा.

मुद्द्यावर येते.

आम्ही सिंदेवाहीकडचे ढिवर, मासोळीवर जगणारे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. आमच्या घरी नवा हौद भरला की आधी त्यात मासोळ्या सोडतात. ज्या पाण्यात मासोळी जगत नाही ते पाणी माणसानं वापरू नये, असं माझी आई म्हणते. फेब्रुवारीत आपल्या तिसऱ्या टॉवरखालच्या हौदात डासांच्या अळ्या झाल्या होत्या. तो टॉवर उन्हाळ्यापर्यंत बंदच असतो, पाणी साचलेलं. औषधाचा डबा संपलेला, नवा येता येत नव्हता. प्लांटचे धनराज साहेब अळ्यांचं रोज विचारायचे, आणि तिसरा टॉवर माझ्याकडे होता. मी घरच्या हौदातले वीसेक गप्पी मासे पिशवीत घालून बसनं आणले आणि सोडले. आठ दिवसांत अळ्या गेल्या. साहेबांनी शाबासकी दिली. काय केलं ते त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. रजिस्टरवर नोंद केली नाही.

एप्रिलच्या आधी जाळीनं काढून टाकायचे असं ठरवलं होतं. नाही काढले. विसाचे शेकडो झाले होते. डबा खायला मी तिथं जायची आणि चार शितं टाकायची, तर सगळे वर यायचे. खाली मशीनच्या घरघरीत दिवस काढल्यावर तेवढंच बरं वाटायचं. बाकी कारण काही नाही.

बावीस मेला मी गावी लग्नात होते. पारा सेहेचाळीसवर. दुपारी तिसरा टॉवर आपोआप सुरू झाला, आणि पुढचं तुम्हीच पाहिलंत. पंपाची गाळणी तुंबली, रॅकचं पाणी अडलं, चाळीस मिनिटं मशीन बंद. तुम्ही गाळणी उघडलीत, हातानं साफ केलीत आणि रिपोर्टात लिहिलंत, 'गाळणीत गाळ साचला होता.' गाळणीची दर आठवड्याची साफसफाई तुमच्या नावावर. दुसऱ्या दिवशी ठेकेदारानं तुम्हाला काढलं.

मी गप्प राहिले. एवढ्या उन्हात, पंपाच्या ओढीत मासे कुठले ओळखू येणार, तुम्हाला खरंच गाळ वाटला असेल, अशी मनाची समजूत घातली. आवाजावरून कुठलं बेअरिंग गेलं ते सांगणारा माणूस, त्याला मासा कळला नाही म्हणे. पण सोयीचं असलं की कशावरही विश्वास बसतो.

परवा रविवारी शेवटी तुमच्या घरी गेले. वहिनींनी चहा केला. बोलता बोलता म्हणाल्या, "त्या दिवशी हे घरी आले तं हाताले मासोळीचा वास. तीनदा साबण लावला तरी जाईना. मी म्हटलं, काऊन जी, ड्युटीवरून आले का बाजारातून? तं पुन्हा हात धुवाले गेले."

चहा मी संपवला. चव कशी होती ते आठवत नाही.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. मासे कोणाचे, हेही. आपल्या अख्ख्या प्लांटात मासोळ्यांचं घर एकच. भाऊ, मला लाज वाटली, आणि तुमचा रागही आला. एका पोरीला शिकवलं म्हणून तिची चूकही आपल्या अंगावर घ्यायची, हे तुम्हाला कोणी सांगितलं होतं?

काल मी धनराज साहेबांना सगळं लिहून दिलं. त्यांनी दोनदा वाचलं. म्हणाले, "तीन महिन्यांनी काऊन उकरून राह्यली? रिपोर्टावर त्याची सही आहे. तो जोवर गाळ म्हणते तोवर गाळच. त्यानं मासे होते म्हणून लिहून दिलं, तर ठेकेदाराले त्याले वापस घ्या लागते. अन् तुले जा लागते. तो लिहून देईन असं वाटते तुले?"

मला नाही वाटत. मी जाणार असं दिसलं तर तुम्ही त्या कागदाला हात लावणार नाही, एवढं तुम्हाला मी ओळखते. म्हणून तिथंच बसून दुसरा कागद लिहिला, राजीनाम्याचा, आणि साहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी घेतला. आज सकाळी गेटवर माझं कार्डही जमा झालं.

सोबत एक अर्ज आहे, मीच लिहिलाय: गाळणीत गाळ नव्हता, मासे होते, आणि ते रुपालीनं सोडले होते. खाली तुमच्या सहीची जागा रिकामी आहे. मी गावी आईकडे चालले आहे. आता वाचवायला मी तिथं नाही, भाऊ. सही करा आणि घरी या.

तिसऱ्या टॉवरात मासे सोडणारी,
रुपाली