हात न लावता चालणारा सर्व्हर

२ डिसेंबर, सकाळ
आजपासून सर्व्हरला हात लावणार नाही. काम सोडलेलं नाही. हाताने करणं सोडलं. जुनं काढणं, नवं बांधणं, चढवणं, चालू करणं, सगळं एका स्क्रिप्टमध्ये. एक कमांड, एक एंटर. अकोल्याच्या ऑफिसात पौर्णिमा मोबाइल अ‍ॅप लिहिते, इथे अमरावतीत मी ते सर्व्हरवर चढवतो. मी सुट्टीवर होतो तेव्हा तिने एकेक फाइल माउसने ओढून टाकली. अ‍ॅप चाललं, हा भाग वेगळा. पाहून शिसारी आली.

३ डिसेंबर
अ‍ॅप आमच्या समाजाच्या उपवर-वधू परिचय मेळाव्याचं. अठ्ठावीस तारखेला, अकोल्यात. समितीचे अध्यक्ष खुशालराव दरवर्षी बायोडाट्यांची जाडजूड पुस्तिका छापतात. तिच्यात कोणाचंही तोंड ओळखू येत नाही. मी म्हटलं, यंदा छापू नका, सगळं मोबाइलवर. म्हणाले, देवानंद, लाइट गेली तं? मी म्हटलं, सर्व्हर अकोल्यात नाही, सिंगापुरात आहे. म्हणाले, तिथली गेली तं?
अशा लोकांचा वीट आला आहे. शेवटी ऐकलं. पुस्तिका रद्द.
उपवरांमध्ये माझंही नाव आहे. आईने भरलं. वय छत्तीस. यंदा जमलं नाही तर ती पुन्हा कोणाच्या दारात जाणार नाही म्हणते. मला स्वतःला घाई नाही. पण जमावं.

६ डिसेंबर
बायोडाटे येऊ लागले. किळस. फोटो लहान साइजचा पाठवा, असं मराठीत स्पष्ट लिहिलं होतं. लोकांनी चिखलदऱ्याच्या पॉइंटवरचे गॉगलवाले अवाढव्य फोटो पाठवले. एकात अर्धी मोटरसायकल, अर्धा नवरदेव. शिक्षणाच्या रकान्यात 'चांगलं'. मुलींच्या अपेक्षेच्या रकान्यात पुणे, पुणे आणि पुणे. मी अमरावतीत बसून सिंगापूर सांभाळतो, हे कोणत्या रकान्यात लिहायचं?

९ डिसेंबर
स्क्रिप्ट तयार. कामं ओळीने लावली: साफ कर, बांध, चढव, चालू कर. अ‍ॅप नीट दिसतं का, हे तपासायला एक नमुना बायोडाटा लागतो. तो स्क्रिप्ट शेवटी आपोआप भरते. नमुना म्हणून माझाच घेतला. सगळे रकाने भरलेला आणि योग्य साइजच्या फोटोचा तो एकच होता. तो यादीत सगळ्यांच्या वर दिसतो, हा योगायोग. फोटो टायमधला आहे, राजापेठच्या स्टुडिओतला.
लॅपटॉपवर चाचणी घेतली. लॅपटॉपवर एकच बायोडाटा होता, माझा. साफ झालं, बांधलं, चढलं, माझा बायोडाटा दिसला. शंभर टक्के यश.

१२ डिसेंबर
पौर्णिमाचा फोन. 'साफ कर' जुन्या अ‍ॅपसोबत लोकांचे बायोडाटेही उडवेल का, आणि उडवण्याआधी विचारते का? मी म्हटलं, काम करण्याआधी विचारते ती स्क्रिप्ट नव्हे, तो कारकून. म्हणाली, सर, मले भेव वाटते, बॅकअप तरी घेऊन ठेवा. बॅकअपची ओळ स्क्रिप्टमध्ये आहेच, फक्त बंद ठेवली आहे. फार वेळ खाते, चहा गार होतो. तिला वाईट वाटू नये म्हणून घेतो म्हटलं. मेळावा आटोपला की घेणार.

१८ डिसेंबर
संकल्प: रोज सकाळी फिरणं, गिलावडा बंद.
आरशासमोर उभं राहून स्टेजवरचा परिचय म्हणून पाहिला. आईने बाहेरून विचारलं, कोनाशी बोलून राह्यला रे? ती म्हणते, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर नको म्हनू, लोकाईले कळत नाही, इंजिनिअर म्हन. ज्या समाजाला अ‍ॅडमिनिस्ट्रेटर कळत नाही, त्या समाजात मी मुलगी शोधतो आहे.

२० डिसेंबर
फिरणं नाही. थंडी. गिलावडा एकच खाल्ला, तोही ऑफिसातल्यांनी आग्रह केला म्हणून.

२७ डिसेंबर
बडनेऱ्याहून गाडीने आई आणि मी अकोल्यात. डब्यात शेजारच्याने सोललेली संत्र्याची सालं माझ्या बॅगेवर ठेवली. लॅपटॉपची बॅग होती.
पौर्णिमा म्हणाली, सगळं चालू आहे, सर, आता हात नका लावू. तेवढ्यात खुशालराव. अ‍ॅपवर त्यांचं नाव बारीक दिसतं. मोठं पाहिजे. हरकत नाही. उद्या सकाळी एक एंटर. मी हात लावतच नाही, लावते ती स्क्रिप्ट.

२८ डिसेंबर, रविवार, सकाळ
मंगल कार्यालय गच्च भरलं आहे. अत्तर, घाम आणि डांबरगोळ्यांतून काढलेल्या कोटांचा एकत्रित वास. ज्याच्या-त्याच्या हातात मोबाइल, हे माझं यश. नवा कोट घातला. आई तिसऱ्या रांगेत.
एंटर दाबला. हिरव्या अक्षरांत 'यशस्वी' आलं. खुशालरावांचं नाव आता भिंतीएवढं दिसतं.

२८ डिसेंबर, दुपार
किरकोळ अडचण. अ‍ॅपमध्ये एकच बायोडाटा उरला. माझा.
मुलींच्या बापांना मी दिसतो. मुलांच्या बापांनाही मीच दिसतो. मुलगी शोधायला अचलपूरहून आलेल्या एका आजोबांनी बराच वेळ माझा फोटो न्याहाळला आणि मोबाइल नातवाकडे परत दिला. खुशालराव येऊन म्हणाले, देवानंद, बाकीचे लेकरं कोठी गेले? मी म्हटलं, लोड होत आहेत. पौर्णिमाने माझा लॅपटॉप ओढून घेतला, स्क्रिप्ट वाचली, बॅकअपच्या ओळीपाशी थांबली. लॅपटॉप मिटला.
मग माइक. एकेक मुलगा, एकेक मुलगी स्टेजवर, नाव, गाव, शिक्षण. ऐकून लोक जेवणाच्या कुपनांमागे नंबर लिहून घेत होते. इतकं मागासलेपण पाहवत नव्हतं. माझंही नाव पुकारलं. गेलो नाही. सगळ्या सभागृहाने मला सकाळपासून पाहिलं आहे, आता नवीन काय सांगणार? आईने पदर डोळ्यांवर ओढून घेतला होता. बहुतेक ऊन येत असावं.
जेवणात रोडगे आणि वांग्याची भाजी. भाजी तेलकट. जेवलो नाही.

३० डिसेंबर
पौर्णिमाने लोकांकडून सगळे बायोडाटे व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा मागवले आणि हाताने चढवले. माउसने. सर्व्हरचा पासवर्ड बदलला आहे. नवा मला कळवायचा राहून गेला असावा.
मार्केटिंगच्या दृष्टीने विचार करता, एका दिवसात एवढ्या घरांत पोहोचलेलं स्थळ वऱ्हाडात दुसरं नसेल. अजून फोन आलेला नाही. लोक संकोचत असतील. आई मोबाइल चार्जिंगला लावून त्याच्या शेजारी बसते. मला जेवायला हाक मारत नाही, ताट झाकून ठेवते.

३ जानेवारी
फोन आला. धामणगाव रेल्वेहून. जानराव म्हणून गृहस्थ, धान्याची अडत आहे. मुलगी फार्मसी झालेली. म्हणाले, तुमच्या फोटोबद्दल जरा बोलायचं होतं, उद्या व्हिडिओ कॉल करतो, पोरगीही राहील. आईने देवापुढे साखर ठेवली आणि सहा दिवसांत पहिल्यांदा मला जेव म्हणाली. मी तिला बजावलं, आपण लगेच होकार द्यायचा नाही. धामणगावला घरजावई राहणार नाही, हेही उद्याच स्पष्ट करणार.

४ जानेवारी
आई नवं पातळ नेसून शेजारी बसली. मी टाय लावला.
जानराव सभ्य माणूस. म्हणाले, नाराज नोका होऊ. पोरीच्या मोबाइलात तुमीच बसले आहा. मेळाव्याचं अ‍ॅप उघडलं का तुमीच, दुसरं कोनी येतच नाही. काल पाहुण्यायले एक पोरगा दाखवाले बसलो तं तुमीच निघाले. हे काढाचं कसं?
मी सांगितलं, तुमच्या मोबाइलने मेळाव्याच्या दिवसाचीच यादी धरून ठेवली आहे, सध्या माझ्याकडे पासवर्ड नाही, तुम्ही अ‍ॅपच काढून टाका. त्यावर बोट दाबून धरा. खाली 'काढा' असं येईल, ते दाबा. पुन्हा विचारेल, हो म्हणा. जानरावांनी मोबाइल पोरीकडे दिला. विचारलं, गेला का?
मुलीचा आवाज मागून आला. गेला, बाबा.
चांगला आवाज आहे.