दोन ठोक्यांच्या मधली जागा

नेपियर टाउन, जबलपूर
सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५

प्रिय शैलजाताईस,

विनूचा साष्टांग नमस्कार. इकडे सगळे मजेत. सकाळी गारठा असतो, पनागरचे मटार बाजारात यायला लागले, परवा मटारच्या करंज्या केल्या तेव्हा तुझी आठवण निघाली.

तू फोन उचलत नाही म्हणून हे पत्र. आलेलं पत्र न वाचता फेकायची तुझी छाती नाही, हे मला माहीत आहे. अक्षर मुद्दाम मोठं काढून राहिली, म्हणजे शेजारच्या अमिताकडून वाचून घ्यायची पाळी येऊ नये. हे फक्त तूच वाच.

मागच्या वेळी तू म्हणाली, "डोळ्याचं ऑपरेशन आहे, आठ दिवस येऊन राहा, मला दुसरं आहे कोण?" आणि मी म्हटलं, गुडघे दुखतात, केतनला सुट्टी नाही, गाडीचं रिझर्व्हेशन मिळत नाही. तू म्हणाली, "विनू, तीन वर्षं झाली, नागपूरचं नाव काढलं की तुझे गुडघे दुखतात," आणि फोन आपटला. बरोबर केलं तू. पण ते नंतर. आधी कालची गोष्ट ऐक.

काल मी बंदूक चालवली!

हस, पोट धरून हस. झुरळ दिसलं की खुर्चीवर चढणारी तुझी बहीण! झालं असं, की केतनची अपूर्वा, आमची सूनबाई, वर्षभरापासून रायफल शूटिंग शिकून राहिली. काल तिच्या क्लबात घरच्यांना बोलावलं होतं, बघा आणि वाटलं तर चालवूनही बघा म्हणून. मी नाही नाही म्हणत होती, तर या पोरीनं माझ्या हार्टच्या डॉक्टरांना परस्पर फोन केला. ते म्हणाले, छर्ऱ्याची बंदूक आहे, धक्का बसत नाही, खुशाल जाऊ दे. मग काय बोलणार? चलो म्हटलं.

मला वाटलं, कानात कापूस घालावा लागेल. आपण फॅक्टरीच्या क्वार्टरमधे वाढलो. खमरियाकडे तोफेची चाचणी झाली की फडताळातल्या वाट्या वाजायच्या आणि आई पोळ्या लाटतच राहायची. माझ्यासाठी बंदूक म्हणजे तो आवाज.

आणि आत जाऊन बघते तर काय, शांतता! एवढी शांतता मी देवळातही पाहिली नाही. लांबलचक हॉल. जाड कोट घातलेली पोरंपोरी एका रांगेत उभी, गाल बंदुकीला टेकवलेला, कोणी हलत म्हणून नाही. समोर दहा मीटरवर तळहाताएवढा कागद, त्यावर काळा गोल, आणि त्याच्या मधोमध टिकलीपेक्षाही लहान ठिपका. तो ठिपका हवा त्यांना! मधूनच बारीकसा 'टप्' होतो आणि पुन्हा सगळं गप्प. आमची अपूर्वा घरी कुकरच्या शिट्ट्या मोजताना चुकते, आणि तिथे तिची पापणीसुद्धा लवत नव्हती. मी आ वासून बघत राहिली. माणूस एवढं स्थिर उभं राहू शकतं, हे मला या वयापर्यंत माहीतच नव्हतं.

पण पंखे बंद होते. कागद हलतो म्हणून लावतच नाहीत म्हणे. ते पाहून मला घाम फुटला.

का, ते आता सांगावंच लागेल. नागपूरला माझ्या हृदयात जी झडप बसवली ती धातूची आहे, हे तुला माहीत आहे. ती वाजते, हे तुला माहीत नाही. प्रत्येक ठोक्याला टिक. गर्दीत ऐकू येत नाही, म्हणून तर मी काही घ्यायचं नसलं तरी उठसूट कमानिया गेटच्या बाजारात जाते. घरी दिवसभर रेडिओ. कुठे गेली तर पंख्याखाली बसते. कोणी वारलं म्हणून भेटायला जावं, तर दारातूनच परत फिरते, कारण तिथे सगळे गप्प बसलेले असतात. यांनाही मी दुसऱ्या खोलीत झोपायला लावलं, घोरता म्हणून. हे घोरत नाहीत ताई.

तर पदर छातीशी दाबून मी मागच्या बाकावर बसली. थोड्या वेळानं रांगेतली एक पोरगी बंदूक खाली ठेवून वळली. "सर, किसी की घड़ी बज रही है."

शालिग्राम सर म्हणजे त्यांचे कोच, फौजेतून रिटायर झालेले, मोठ्या पांढऱ्या मिशा. ते बाकांमधून फिरायला लागले. "जिनकी भी घड़ी है, उतारकर बाहर रख दीजिए." लोकांनी मनगटं दाखवली, मोबाइल काढले. एक काका बिचारे आपलं बंद पडलेलं घड्याळ कानाला लावून बघत होते. सर एकेक बाक करत माझ्याकडे येत होते, आणि भीतीनं माझी टिकटिक आणखी वाढली. मी अपूर्वाकडे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती. तिनं ते माझ्यावर सोडलं.

काहून कोण जाणे, मी उभी राहिली. "सर, घड़ी नहीं है," मी म्हटलं. "मैं हूं. मेरा दिल है."

कोणी हसलं नाही गं. सर जवळ आले, मान वाकडी करून ऐकत राहिले. मग म्हणाले, "माताजी, मैं बरसों से इन बच्चों को यही समझा रहा हूं. धड़कन से भी नली हिल जाती है, इसलिए अपनी धड़कन सुनो, दो धड़कनों के बीच में ट्रिगर दबाओ. किसी को सुनाई ही नहीं देती. और आप तो…" त्यांनी सगळ्यांना जवळ बोलावलं, आणि ती पोरं माझ्याभोवती उभी राहून माझं हृदय ऐकायला लागली. तक्रार करणारी पोरगी म्हणाली, "आंटीजी, आप कितनी लकी हो." मला म्हणाली ताई, मला!

मग मला खुर्चीवर बसवलं आणि बंदूक टेकणीवर ठेवून दिली. गाल टेकवला, गार लागलं. श्वास सोडला. टिक. टिक. तीन वर्षांत पहिल्यांदा मी तो आवाज मुद्दाम ऐकला. आणि तुला खरं सांगू? आजवर मी नुसती टिक ऐकत आली, मधल्या जागेकडे लक्षच गेलं नव्हतं. केवढी मोठी जागा आहे ती! त्यात सगळं थांबतं, हात, नळी, समोरचा काळा गोल. एवढं सुंदर काहीतरी माझ्या आत चालू होतं आणि मी त्यावर रेडिओ लावून बसली होती. त्या जागेत मी बोट दाबलं.

पहिला छर्रा कागदाच्या बाहेर गेला. दुसराही. तिसरा काळ्यात लागला, अगदी कडेला, पण काळ्यात! अपूर्वा एवढ्या जोरात ओरडली की सरांची बोलणी खाल्ली तिनं. कागद सोबत पाठवते, भोक बघून घे.

आता नागपूरचं. ऑपरेशननंतर दवाखान्यात तू माझ्या खाटेशेजारी झोपायची. एकदा अर्धवट झोपेत वैतागून म्हणाली, "ते घड्याळ कोणीतरी बाहेर ठेवा गं, जीव खाऊन राहिलं." त्या खोलीत घड्याळ नव्हतं ताई. तुला आठवतही नसेल. मी मात्र तेव्हाच ठरवलं, की पुन्हा तुझ्या घरी राहायचं नाही. गुडघे ठणठणीत आहेत माझे. लहानपणी एका अंथरुणात गप्पा मारत झोपायचो आपण, आणि तूच मला दुसऱ्या खोलीत जा म्हटलं असतं, तर मला सोसलं नसतं.

मी येऊन राहिली. केतननं तिकीट काढलं, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळी पोचते. माझं अंथरूण तुझ्याशेजारीच घाल. वैताग आला तर शिव्या दे, पण बाहेर काढू नको. डोळ्यावर पट्टी असेल तेव्हा, विनू जवळ आहे की नाही, हे तुला कोणाला विचारावं लागणार नाही. नुसती पडून ऐक.

तुझीच, वाजत असलेली,
विनू