गाळलेली ओळ

बागियो
९ जुलै

मानांग क्लारिता,

थोरल्या बहिणीला वर्षभरात एक ओळही लिहिली नाही आणि आता एकदम पत्र, म्हणून तू कपाळाला आठ्या घालशील. घाल. गुडघे कसे आहेत? कोंबड्यांचा रोग गेला का?

माझं बरं चाललंय. चार कॅफेंमध्ये एकेक वार ठरलाय. गिटार मीच उचलते, माईक मीच लावते, भिंतीवर स्वतःचा फोटोही मीच चिकटवते. तातांग म्हणायचे ना, "बापाचं ऐक पोरी, तुझ्या धंद्यात मालकीण तूच आणि रेडाही तूच!" इथे पाऊस थांबत नाही. वाळत घातलेलं काही वाळत नाही.

सोमवारी बाजारात आपल्या गावची डेलिया भेटली. फेलिसा आत्या गेल्याचं तिच्याकडून कळलं. बायकांनी तुला विलाप करायला शवपेटीजवळ बसवलं, डोक्यावर काळं फडकं दिलं, आणि तू तोंडच उघडलं नाहीस म्हणे. सगळ्या वाट बघत राहिल्या. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या पोरी 'थांबा तातांग' गुणगुणायला लागल्या. डेलिया अगदी कौतुकाने सांगत होती, "अगं, तुझं गाणं! केवढी नावाजलीस तू!" मी शेंगा निवडत राहिले.

माझं गाणं म्हणे.

रेडिओवरच्या बाईंनी विचारलं होतं, हे शब्द सुचले कसे? मी म्हणाले, एका पहाटे आपोआप आले. मानांग, ते तुझ्या तोंडून आले होते. तातांगच्या शवपेटीवर हात ठेवून तू विलाप करत होतीस, तिसऱ्या दिवशी सकाळी. सगळं अंगण रडत होतं आणि मी खिशातला फोन चालू केला होता. आठवण म्हणून, असं मनाला सांगितलं. आठ दिवसांत गिटार घेऊन बसले.

"तंबाखूची पानं अजून दोरीवर आहेत, तातांग, ती कोण उतरवणार?" हे तुझं. "चपला दाराकडे तोंड करून ठेवल्यात" हेही तुझं. माझे फक्त तीन सूर, आणि त्यातलाही एक उसना.

आपल्याकडे कुणाचा विलाप दुसरं कुणी म्हणत नाही. तो मेलेल्या माणसाशी एकदाच बोलायचा, मग तो त्याच्याबरोबर मातीत जातो. हे मला कुणी शिकवायला नको होतं. तरी मी तो कॉफी पिणाऱ्यांसमोर दर आठवड्याला गात राहिले, आणि तिकडे तुझं तोंड बंद झालं. आत्या कुणाचेही शब्द न ऐकता मातीत गेली. मला लाज वाटते. आरशात बघवत नाही इतकी वाटते.

शनिवारी मी गाणं मध्येच थांबवलं आणि सांगून टाकलं, हे माझं नाही, माझ्या बहिणीचं आहे, मी चोरलंय. लोकांनी टाळ्या वाजवल्या! एक मुलगी येऊन म्हणाली, "ताई, किती प्रामाणिक आहात तुम्ही." मी गिटार पिशवीत भरली आणि मागच्या दाराने निघाले. तिथे सांगून काय उपयोग? सांगायचं ते आपल्या अंगणात, त्याच बायकांसमोर.

तातांगचं वर्षश्राद्ध महिन्यावर आलंय. मी येतेय. गिटार आणणार नाही, फोन बसमध्ये बसण्याआधीच बंद करीन. जेवणाआधी, तू वर्षभराचे सुतकाचे काळे कपडे उतरवण्याआधी, मी सगळ्यांसमोर उभी राहीन. तू घरात निघून गेलीस तरी बोलेन.

पण एक गोष्ट आधी फक्त तुला. तुझ्या विलापातली एक ओळ मी गाण्यात घेतली नाही. चालीत बसत नव्हती म्हणून नाही. "धाकटीवर रागावू नका, तातांग, घाटात दरड कोसळली होती, म्हणून तिला उशीर झाला." सगळ्यांसमोर, मेलेल्या बापाशी, तू माझ्यासाठी खोटं बोललीस. ते खोटं आहे हे तुला ठाऊक होतं, मला दिसत होतं ते.

तातांग गेल्याचा तुझा निरोप पहिल्याच दिवशी मिळाला होता. दोन कार्यक्रम ठरले होते. मी ते केले, मग निघाले.

या वेळी कबरीपाशी तातांगशी बोलशील तेव्हा खरं सांग, मानांग. दरड कोसळली नव्हती. रस्ता मोकळा होता.

तू जिला पाठीशी घातलंस ती,
जोसेलिन